वाचता येणे आणि वाचणे

(द्वितीय वर्ष, कला)

व्याकरणाच्या तासाला आमच्या सरांनी एकदा 'वाचणे' हे क्रियापद फळ्यावर लिहिले आणि त्याचे अर्थ विचारले. अक्षरे वाचणे हा एक, संकटातून वाचणे हा दुसरा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, परीक्षेत पहिलं केलं की दुसरं होतं," आणि वर्गात हशा पिकला. मला मात्र २०२२ सालच्या जून महिन्यातली आमच्या घरची एक संध्याकाळ आठवली. त्या संध्याकाळी मी अगदी बिनचूक वाचले होते, आणि तरीही आम्ही वाचलो नव्हतो.

माझे वडील नाक्यावरचे कामगार आहेत. सकाळी सात वाजता कल्याणच्या नाक्यावर उभे राहायचे आणि मुकादम नेईल तेथे बिगारी करायची, हा त्यांचा रोजचा क्रम. आई चार घरची धुणीभांडी करते. दोघांनाही अक्षरओळख नाही. आमच्या घरातली पहिली पाटी माझी, पहिले गुणपत्रक माझे, आणि म्हणून फोनवर जे जे येईल ते वाचण्याचे कामही माझेच. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. बाबांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, "वाच गं, काय आलंय." मागील महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, तरी त्वरित खालील क्रमांकावर अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा मजकूर होता. मी तो वाचला, बाबांना अर्थ सांगितला, आणि तो क्रमांक मीच फिरवला.

पलीकडचा माणूस अतिशय सभ्य होता. फक्त दहा रुपये भरा म्हणजे नोंद होईल, असे तो म्हणाला. त्याने एक दुवा पाठवला व त्यावरून एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावले. त्या अ‍ॅपमुळे आमच्या फोनच्या पडद्यावर जे दिसेल ते सगळे त्याला त्याच्या घरी बसून दिसत होते, हे मला फार पुढे कळले. बाबांनी दहा रुपयांसाठी पिन दाबला, आणि पंधरा मिनिटांत खात्यातले ११,८०० रुपये गेले. ते माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले होते. वीज मात्र रात्रभर चालू होती.

त्या वर्षी अशा संदेशांनी महाराष्ट्रात पुष्कळांना फसवले. वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून आलेल्या असल्या संदेशांना प्रतिसाद देऊ नका, असे आवाहन महावितरणने वारंवार केले. आर्थिक फसवणुकीची तक्रार तातडीने नोंदवण्यासाठी केंद्र सरकारचा १९३० हा मदतक्रमांकही तेव्हा सुरू झालेला होता. तेथे लवकर कळवले तर पैसे चोराच्या हाती पडण्यापूर्वी, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच, ते गोठवता येण्याचा संभव असतो. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी चुलते घरी आले आणि म्हणाले, "पोरीच्या हातात फोन देता, मग असंच होणार." बाबा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर सहा महिने फोन त्यांच्या खिशातून बाहेर आला नाही.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे जुलै २०२५ पासून कल्याण पूर्वेला वालधुनीच्या एका वस्तीत आम्ही मुलांसाठी जो रविवारचा वर्ग चालवतो, त्याचे मूळ त्या संध्याकाळी आहे. समाजमंदिराची एक खोली, साधारण सव्वीस मुले, आणि फोन चार. मुले नऊ ते चौदा वर्षांची, बहुतेक महापालिकेच्या शाळेत जाणारी. काहींचे आईवडील माझ्या आईबाबांसारखेच, काही भंगार वेचणारे, काही स्टेशनबाहेर भाजी विकणारे. मुले जेथे आहेत तेथेच शिक्षणाने जावे, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी कंटेनरमध्ये 'सिग्नल शाळा' उभी केली. त्यामानाने आमचा उद्योग अगदीच किरकोळ आहे. पण या सहासात महिन्यांत जे शिकायला मिळाले (शिकवायला कमी, शिकायलाच अधिक) ते मांडावेसे वाटते.

पहिल्या रविवारी मी एका माहितीपत्रकावरून नियम उतरवून नेले होते. पहिला नियम: आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका. तो मी फळ्यावर लिहीपर्यंत एका मुलाने हात वर केला. "ताई, फोन घरात पाच जणांचा. नाय सांगितला तर पप्पा फोन कसा लावणार?" दुसरा नियम: अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन घेऊ नका. यावर एक मुलगी म्हणाली, "मग मम्मीला काम कसं मिळणार?" तिचे बरोबर होते. तिच्या आईला नवी कामे मिळतात ती डोंबिवलीच्या सोसायट्यांतील अनोळखी बायकांच्या फोनवरूनच. तिसरा नियम: काही शंका आल्यास आपल्या पालकांना विचारा. येथे कोणी काही बोलले नाही, पण माझाच हात थांबला. आमच्या वस्तीत पालक मुलांना विचारतात!

घरी येऊन मी ते पत्रक पुन्हा पाहिले. ते ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर एक मूल, त्याचा स्वतःचा एक फोन, आणि शेजारच्या खोलीत इंग्रजी जाणणारे आईवडील होते. अशी मुले आहेत आणि त्यांना त्या नियमांचा उपयोगही होत असेल. पण आमच्याकडचे मूल म्हणजे घराचा कारकून, दुभाषा आणि खजिनदार असते. गॅसचा नोंदणी क्रमांक तेच सांगते, शिष्यवृत्तीचा अर्ज तेच भरते, बँकेचा ओटीपी तेच मोठ्याने वाचून दाखवते. ते फसले की घर फसते.

सरकारी योजनांची नजरही या मुलापर्यंत पोहोचत नाही. २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले, ते मार्च २०२४ मध्ये संपले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका माणसाला साक्षर करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. वयाची अट चौदा ते साठ. आमचे मूल शहरातले, म्हणून ग्रामीण नाही. आणि बारा वर्षांचे, म्हणून वयात बसत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली. हेतू उत्तम आहे. पण ज्या आईला संमतीचा मजकूर तिचे मूलच वाचून दाखवणार, तिच्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी मी येथे ठेवते.

असो. दुसऱ्या रविवारी मी मोठी चूक केली. तिच्याविषयी पुढे लिहीन. तिसऱ्या रविवारपासून आम्ही नियमांचा कागद बाजूला ठेवला आणि नाटक सुरू केले. ही कल्पना मला अभ्यासक्रमाने दिली. महात्मा फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक जोशी ग्रहदशेची भीती घालून कुणबी जोडप्याला लुबाडतो आणि अखेर ते जोडपे रात्रशाळेची वाट धरते. वर्गात हे नाटक अभ्यासताना मला सारखा तो साडेनऊचा संदेश आठवत होता. आधी भीती घालायची, मग उपाय आपणच सांगायचा, आणि विचार करायला उसंत द्यायची नाही. एकशे सत्तर वर्षांत पोथीच्या जागी फोन आला, एवढेच.

तर आम्ही काडेपेटीचे फोन केले. एकाने चोर व्हायचे, एकाने घरचा माणूस. चोर होण्यासाठी इतकी झुंबड उडाली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. एक दहा वर्षांची मुलगी ओढणी खांद्यावर घेऊन "मॅडम, मी बँकेतून बोलते, तुमचं एटीएम बंद होणार आहे" असे काही बोलली, की मी क्षणभर पर्स चाचपली. मुले चोर झाली तेव्हा त्यांना चोराची युक्ती आतून समजली. प्रत्येक नाटकानंतर आम्ही तीन प्रश्न विचारायचो. त्याने काय मागितले? घाई का केली? कोणाला सांगू नको म्हणाला का? माणूस अनोळखी आहे की ओळखीचा, हा प्रश्न आम्ही मुद्दाम वगळला. चोर ओळखीच्या माणसाच्या नावानेही येतो, आणि कामाला बोलावणारी बाई अनोळखीच असते.

साडेनऊच्या संदेशाचा मेळ मुलांनीच लावला. साडेनऊच का? एक मुलगा म्हणाला, "कारण तेव्हा ऑफिस बंद, विचारायला जाणार कुठं?" हे मला तीन वर्षांत सुचले नव्हते.

पुढचा धडा पत्ता वाचण्याचा. येथे आमच्या मदतीला मध्य रेल्वे आली. कल्याणच्या मुलाला इंडिकेटर वाचता येतो. 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. गाडी कोणत्याही रंगाची असो, शेजारचा काही सांगो, आधी अक्षर पाहायचे आणि मग चढायचे. संदेशाचेही तसेच आहे. बँक किंवा वीज कंपनी यांचा संदेश दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाही, तो अक्षरी नावाने येतो. आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही असते. 'जी' असेल तर सरकारी, 'टी' असेल तर पैशांच्या व्यवहाराचा, 'एस' असेल तर सेवेचा, 'पी' असेल तर जाहिरातीचा. मुलांनी एका रविवारी चारही फोनमधले संदेश काढून हे 'इंडिकेटर' वाचून दाखवले. आमच्याकडच्या संदेशांत निम्म्याहून अधिक 'पी' निघाले, म्हणजे कर्ज घ्या!

संकेतस्थळाचा पत्ता त्याहून अवघड, कारण तो उलटा वाचावा लागतो. पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबायचे आणि तेथून डावीकडे यायचे. शेवटची दोन नावे म्हणजे घराचा मालक, त्याआधीची सगळी भाडेकरूची पाटी. सरकारी पत्त्यांत 'गव्ह डॉट इन' ही जोडी शेवटी असते, आणि खात्याचे नाव तिच्या लगेच आधी. महावितरणचे स्थळ महाडिस्कॉम डॉट इन. पण 'महाडिस्कॉम डॉट बिलभरा डॉट कॉम' असे कोणी केले (हे नाव मी फळ्यावर बनवले होते), तर त्याचा मालक 'बिलभरा डॉट कॉम', महावितरण नव्हे. एका मुलाने याला आपले उदाहरण दिले. त्यांच्या गल्लीत एका टपरीवर 'शासनमान्य' लिहिले आहे, आणि टपरीचा मालक त्याचा मामा आहे.

पैशांचा धडा एका मुलीच्या तक्रारीतून निघाला. तिची आई स्टेशनजवळ भाजी विकते. एका गिऱ्हाइकाने दीडशे रुपये दिल्याचे पडद्यावर दाखवले आणि तो निघून गेला; पैसे आलेच नव्हते. दुसऱ्याच्या फोनवर दिसते ते केवळ चित्र, आपल्या खात्यात आले ते पैसे, एवढे तिने आईला शिकवले. आई आता आवाज करणारा डबा बोलल्याशिवाय पिशवी सोडत नाही. त्याच दिवशी सगळ्यांनी वहीत एक वाक्य लिहिले: पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. बक्षीस आले आहे, कोड स्कॅन करा, पिन टाका, या सगळ्या कहाण्या या एका वाक्यापाशी संपतात. खेळात फुकट 'हिरे' मिळवून देतो म्हणून ओटीपी मागणाऱ्यांच्या कहाण्याही त्यातच बसतील असे मला वाटले होते. मोठी मुले म्हणाली, नाही बसत. तेथे पिन मागत नाहीत, तर खातेच पळवतात. ती दुरुस्ती मी वहीत केली.

मग एकदा प्रश्न आला, "ताई, लाइक केलं तर पोलीस पकडतात का?" कोणीतरी घरी तसे सांगितले होते. मी त्यांना पालघरची हकिकत सांगितली. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर ठाणे जिल्ह्यातच असताना, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यावर देशभर चर्चा झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मुले शांतपणे ऐकत होती. एक म्हणाला, "म्हणजे त्यांची चूक नव्हती?" मी म्हणाले, "नव्हती." त्याने पुन्हा विचारले, "मग त्या घाबरल्या असतील का?" याला उत्तर देण्याची आवश्यकता नव्हती.

आता ती दुसऱ्या रविवारची चूक. पहिल्या दिवशी नियम फसल्यामुळे मी चिडले होते, आणि मुलांना गांभीर्य कळावे म्हणून एकामागून एक भयंकर गोष्टी सांगितल्या. अमक्या मुलीने फोटो टाकला आणि तिचे असे झाले, तमकीची शाळा सुटली. वर्ग एकदम चिडीचूप झाला. मला वाटले, चांगला परिणाम झाला.

त्या वर्गात तेरा वर्षांची एक मुलगी होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने लावणीचा नाच केला होता. तो फोटो कोणीतरी उचलून तिच्या नावाने खोटे खाते उघडले आणि त्यावर काहीबाही लिहू लागले. माझ्या त्या भाषणाच्या आधीच हे सुरू झाले होते. ती मला सांगायला आली होती, असे तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितले. भाषण ऐकून ती परत गेली. दिवाळीत तिच्या भावाला कळले. फोन गेला, वर्ग गेला, आणि तिला जालना जिल्ह्यात आत्याकडे पाठवण्यात आले. मी तिच्या आईला भेटले तेव्हा आई म्हणाली, "तू चांगलंच शिकवत होतीस गं, पण पोरीची जात." चुलत्यांचे वाक्य मला तेव्हा पुन्हा ऐकू आले.

ते खाते बंद करायला काही अवघड नव्हते. त्या अ‍ॅपमध्येच 'माझे सोंग घेतले आहे' अशी तक्रार करता येते, आणि आम्ही केल्यावर खाते गेलेही. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुले यांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, आणि त्यातील काही तक्रारी नाव न सांगता करता येतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. अठरा वर्षांखालील मुलांची आक्षेपार्ह छायाचित्रे पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सोय २०२३ पासून आहे. तिच्यात छायाचित्र फोनबाहेर जातच नाही, त्याचा केवळ आकडी ठसा जातो आणि त्यावरून ते ओळखून काढले जाते. हे सगळे मला माहीत होते. माझ्या वहीत ते सहाव्या रविवारसाठी लिहून ठेवलेले होते, आणि दुसऱ्या रविवारी मी भुते दाखवली.

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. नवीन मूल आले की पहिल्या दिवशी त्याला काय करू नये हे सांगत नाही. काही झाले तर कोणाला सांगायचे, हे आधी ठरवतो. प्रत्येक मूल एका माणसाचे नाव वहीच्या मागे लिहिते, आणि त्या माणसाला आम्ही जाऊन भेटतो. कोणी मावशी लिहिली, कोणी शाळेच्या बाई, एकाने वस्तीतला रिक्षावाला काका लिहिला. त्या माणसाकडून आम्ही एकच कबुली घेतो, की मूल सांगायला आले तर फोन काढून घेणार नाही. याला पटकन हो म्हणणारे थोडेच भेटले. डिसेंबरात पालकांची सभा घेतली तेव्हा एक वडील उठून म्हणाले, "फोन माझा, बिल मी भरतो, आणि मीच कबुली द्यायची?" अर्धा तास वाद झाला. माझे बाबा मागे उभे होते. ते वादात पडले नाहीत; पण सभा संपल्यावर त्या गृहस्थांबरोबर ते पुलापर्यंत चालत गेले. काय बोलले, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी त्या मुलाच्या वहीत नाव लिहिलेले होते, आणि ते वडिलांचेच होते.

जालन्याची मुलगी अजून परत आलेली नाही. संक्रांतीला तिने आत्याच्या फोनवरून मैत्रिणीला फोन केला आणि वर्गात काय चालले आहे ते विचारले. तिची वही आम्ही ठेवून दिली आहे.

शेवटी एक विनंती. सव्वीस मुलांना चार फोन पुरत नाहीत. ज्या विद्यार्थ्यांकडे किंवा प्राध्यापकांकडे जुना पण चालू फोन पडून असेल, त्यांनी तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या कक्षात आणून द्यावा. मात्र देण्यापूर्वी त्यातील आपली खाती, फोटो आणि संदेश पुसून द्यावेत. आमची मुले आता सगळे वाचतात.